सृष्टीचे संग्रहालय आणि परतूरचे शिवार



व्याख्यानमालेच्या पत्रकात माझा विषय छापून आला, तेव्हा येथील एका गृहस्थांनी मला सरळच विचारले, "आमच्या गावात संग्रहालय नाही, जवळपास होण्याचा संभवही दिसत नाही; मग त्याच्याविषयी ऐकून आम्ही करायचे काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यातच माझा तास जाणार आहे. मी इमारतीविषयी बोलायला आलेलो नाही. इमारत मुंबईला आहे, रेल्वेत बसून गेले की पाहता येते. मला बोलायचे आहे ते त्या इमारतीच्या दारातून बाहेर पडणाऱ्या एका वहिवाटीविषयी. माणसांनी एकत्र जमावे, पशुपक्षी, झाडेझुडपे, किडामुंगी पाहावी, जाणत्याने ती दाखवावी आणि पाहिलेले टिपून ठेवावे, ही ती वहिवाट. तिला भिंती लागत नाहीत. म्हणून ती परतुरात चालू शकते, असे माझे म्हणणे आहे.

प्राणिसंग्रहालय आणि प्राण्यांचे संग्रहालय यांत आपण गल्लत करतो. पहिल्यात प्राणी जिवंत असतात आणि पिंजऱ्यात असतात. दुसऱ्यात ते मेलेले असतात आणि काचेमागे असतात. दोन्हीकडे आपण एकदाच जातो. लहानपणी सहलीला, ओळीने, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून. पेंढा भरलेला वाघ पाहायचा, त्याच्या काचेच्या डोळ्यांना थोडे भ्यायचे, 'हात लावू नये' ही पाटी वाचायची, आणि मास्तरांनी 'चला, चला' म्हटले की बाहेर पडून डबा उघडायचा. असे संग्रहालय पाहून कोणी शहाणा झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. तो दोष कपाटांचा नाही. कपाट उघडून आतली वस्तू हातावर ठेवणारा आणि तिच्याविषयी चार शब्द सांगणारा माणूस जेथे नसतो, तेथे संग्रहालय हे गोदाम होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. 15 सप्टेंबर 1883 या दिवशी मुंबईत भायखळ्याच्या संग्रहालयात आठ माणसे जमली. आज त्या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. त्या आठांत सहा युरोपियन होते आणि दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि डॉ. सखाराम अर्जुन. प्राण्यांविषयी आपापली निरीक्षणे एकमेकांना सांगावी आणि कोणाला काही नवलाचे सापडले असेल तर ते सर्वांना दाखवावे, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यातूनच 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' ही संस्था उभी राहिली. आज तिच्याकडे लाखाहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे आणि 1886 पासून तिचे नियतकालिक निघत आले आहे. पण तिचा आरंभ संग्रहातून झाला नाही, बैठकीतून झाला, हे मला तुमच्यापुढे विशेषत्वाने ठेवायचे आहे. माणसे आधी जमली. कपाटे मागाहून आली.

त्या दोन मराठी डॉक्टरांविषयी चार शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी; 1867 साली तो समाज त्यांच्या पुढाकाराने निघाला. तरुण रवींद्रनाथ ठाकूर विलायतेला जाण्यापूर्वी 1878 साली इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून ज्या घरी राहिले ते घर त्यांचेच. त्यांच्या कन्येने, अन्नपूर्णाबाईंनी, रवींद्रनाथांना इंग्रजी शिकवले. सखाराम अर्जुन हे वैद्यकाइतकेच वनस्पतींचे जाणकार. ज्या रखमाबाईंचा खटला साऱ्या हिंदुस्थानात आणि विलायतेत गाजला आणि ज्या पुढे डॉक्टर झाल्या, त्यांचे हे सावत्र वडील. पण ते 1885 साली वारले. सोसायटीची वाढ त्यांना पाहायला मिळाली नाही.

याच पिढीतल्या न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ज्या प्रथेमुळे आज आपण येथे बसलो आहोत ती प्रथा आणि मी जिच्याविषयी बोलतो आहे ती प्रथा यांच्यात आठ वर्षांचे अंतर आहे. रानडे आणि आत्माराम पांडुरंग एकाच प्रार्थना समाजातले. लोकांना शहाणे करायचे तर त्यांना एके ठिकाणी बोलवावे लागते, ही त्या मंडळींची समजूत. त्यातली व्याख्यानाची शाखा गावोगाव पसरली, परतूरलाही आली. निसर्ग पाहण्याची शाखा मात्र बराच काळ मुंबईतच अडकून पडली. असे का झाले त्याकडे मी येतोच.

जानेवारी 1884 पासून या मंडळींच्या बैठका कोठे भरत, हे सांगितले तर अध्यक्षमहाराज कदाचित मला थांबवतील. त्या फोर्ब्ज स्ट्रीटवर फिप्सन नावाच्या साहेबाच्या दारूच्या दुकानातील एका खोलीत भरत. साहेब मद्याचा व्यापारी, पण नाद जनावरांचा. पुढे 1894 पासून 1920 पर्यंत एक जिवंत धनेश त्याच्या खुर्चीमागे मुक्कामाला होता. हा पक्षी सव्वीस वर्षे सोसायटीच्या कचेरीत राहिला, आणि आजही सोसायटीच्या मुद्रेवर त्याचेच चित्र आहे. मुंबईतील तिच्या इमारतीचे नावही 'हॉर्नबिल हाउस', म्हणजे धनेशाचे घर.

या कचेरीत 1908 साली एक मुलगा आला. वय अकरा-बारा. छर्‍याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी मारली होती, पण तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. घरात कोणाला ती ओळखू येईना. त्याच्या मामांनी चिठ्ठी देऊन त्याला सोसायटीत पाठवले. तेथे मिलार्ड नावाचे चिटणीस होते. त्यांना म्हणता आले असते, 'बाळ, ठेव तिकडे, पाहतो.' तसे न करता त्यांनी चिमणी ओळखून दिली, कपाटांचे खण एकामागून एक ओढून त्या पोराला शेकडो पक्षी दाखवले, आणि वाचायला पुस्तके दिली. त्या मुलाचे नाव सालिम अली. हिंदुस्थानच्या पक्षिशास्त्राचा पुढचा पाऊण शतकाचा इतिहास त्या खणांतून निघाला. आता असे पाहा, ती चिमणी त्या कपाटात वर्षानुवर्षे होतीच. पण खण ओढणारा हात नसता तर तिचा कोणाला काय उपयोग होता?

सालिम अलींच्या आयुष्यातला पुढचा प्रसंग मला याहूनही बोलका वाटतो. पण पिवळ्या चिमणीच्या गोष्टीपुढे तो मागे पडतो. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, 1922 साली लोकांना खुले झाले. त्याचा प्राणिविभाग सोसायटीच्या संग्रहातून उभा राहिला. 1926 साली सालिम अलींना तेथे 'गाइड लेक्चरर' म्हणून नेमले. दरमहा साडेतीनशे रुपये पगार. काम हेच, की येणाऱ्या लोकांना आणि शाळेतल्या मुलांना कपाटातले प्राणी समजावून सांगायचे. दोन वर्षांत ते कंटाळले. 1928 साली रजा घेऊन जर्मनीला शिकायला गेले, आणि परत आले तेव्हा पैशाच्या अडचणीमुळे ती जागाच रद्द झाली होती. नोकरी नाही. मग मुंबईसमोर, अलिबागच्या बाजूला किहीमला जाऊन राहिले आणि 1930 च्या पावसाळ्यात घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे पाहत बसले.

येथे थोडे थांबू. सुगरणीचा खोपा तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. विहिरीवरच्या बाभळीला लोंबकळणारा, वाऱ्याने हलणारा. कोठल्याही संग्रहालयात तो असतो. खाली नावाची चिठ्ठी असते. आपल्या भाषेत 'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी. बहिणाबाई चौधरींनी तिच्यावर ओवी रचली ती अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी बसली. आईच ती, पिलांसाठी घर विणणारी, अशी आपली भाबडी खात्री. सालिम अलींनी रोज पाहून लिहून काढले ते असे, की विणणारा नर. तो खोपा अर्धा, टोपीसारखा होईपर्यंत विणतो आणि फांदीवर पंख फडफडवत ओरडू लागतो. मग माद्या येतात, आत शिरतात, ओढून ताणून पाहतात, आणि पसंत पडला नाही तर सरळ उडून जातात. पसंत पडला तर ती तेथे राहते, आतली मऊ अंथरी ती घालते, आणि नर उरलेले विणकाम, ती लांब नळी, पुरी करतो. अंडी झाली की हे महाशय शेजारी दुसरा खोपा सुरू करतात, दुसऱ्या मादीसाठी! म्हणजे नवऱ्या मुलाने आधी घर बांधून दाखवायचे आणि मुलीने ते पाहून होकार द्यायचा. आपल्याकडे वधूपरीक्षा चालते, त्यांच्याकडे घरपरीक्षा.

ही गोष्ट कपाटातल्या खोप्याकडे शंभर वर्षे पाहूनही कळली नसती. पण उलटेही तितकेच खरे आहे. विहिरीवर रोज खोपे पाहणाऱ्या हजारो शेतकऱ्यांपैकी कोणी ती लिहून ठेवली नव्हती. कपाट एकटे अपुरे आणि शिवारही एकटे अपुरे. दोन्हींच्या मध्ये पाहणारा, विचारणारा आणि टिपणारा माणूस लागतो. संग्रहालये आज लोकांसाठी जे कार्यक्रम भरवतात ते हा माणूस घडवण्यासाठी.

ते कार्यक्रम कसे असतात? मुंबईत गोरेगावला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, सोसायटीचे तेहतीस एकरांचे राखीव रान आहे आणि तेथे तिचे निसर्गशिक्षणाचे केंद्र आहे. तेथे रविवारी सकाळी माणसे जमतात. कारकून, गृहिणी, कॉलेजातली मुले, पेन्शनर. कधी पक्षी पाहायचे, कधी पावसाळ्यातली रानफुले, कधी अंधार पडल्यावर विजेरी घेऊन कोळी आणि बेडूक शोधायचे. फुलपाखरांच्या संगतीत न्याहारी, असाही एक कार्यक्रम त्यांनी चालवला. नाव ऐकून हसू येते. पण त्यात काय दाखवतात ते सांगतो, कारण त्याचा जालना जिल्ह्याशी फार जवळचा संबंध आहे.

लिंबाच्या झाडापाशी माणसांना नेतात आणि कोवळ्या पानावरची एक घाण दाखवतात. कोणीही म्हणेल, पाखराने शिटले आहे. जवळून पाहा म्हणतात. पाहिले की ती हलते. ती अळी असते. लहानपणी ती तपकिरी-पांढरी, हुबेहूब शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. आणि काडीने डिवचली की डोक्यामागून लालसर रंगाची दोन शिंगे बाहेर काढते व उग्र वास सोडते. याच अळीचे पुढे पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचे लिंबाचे फुलपाखरू होते. तिची एक मोठी चुलतबहीण आहे, काळ्या मखमलीवर निळ्या छटेची; तीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालते. 2015 साली महाराष्ट्राने तिला राज्याचे फुलपाखरू ठरवले. इंग्रजीत ब्लू मॉर्मन म्हणतात, मराठीत राणी पाकोळी.

मोसंबी म्हटले की जालना, असा आपला लौकिक आहे; जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. येथे बसलेल्या बागाईतदारांनी ही अळी माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिली आहे. तिचे त्यांनी काय केले तेही मला ठाऊक आहे, आणि मी त्यांना बोल लावणार नाही. नवी पालवी कुरतडून नेणाऱ्या किड्याला 'राणी' म्हणून हात जोडा, असे सांगणारा शहरी पाहुणा मला स्वतःलाच आवडत नाही. मी एवढेच म्हणेन, की एका झाडावर चार अळ्या आहेत की चाळीस, हे मोजून मग पंप उचलणारा माणूस औषधाचा खर्च वाचवतो. आणि मोजायला अळी ओळखावी लागते. निसर्ग ओळखण्याचा फायदा नुसता डोळ्यांना होत नाही.

सापांच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवाशी येतो. महाराष्ट्रात माणसाला मारणारे मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांतला मण्यार आणि निरुपद्रवी कवड्या यांची गल्लत पावसाळ्यात घरोघर होते. मण्यार काळ्या-निळ्या रंगाचा, चकचकीत. अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बरेचदा जोडीजोडीने, आणि ते डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात. कवड्या तपकिरी; त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि मानेकडे अधिक ठळक असतात. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या रेषेवरचे खवले मोठे आणि षट्कोनी असतात. कवड्याचे तसे नसतात. आता हा षट्कोनी खवला जिवंत सापावर, रात्री, कंदिलाच्या उजेडात पाहायला जाणे म्हणजे वेडेपणा. तो शांतपणे पाहायची जागा एकच, संग्रहालयातली बरणी. तेथे साप चावत नाही, पळत नाही आणि शाळेतल्या मुलीलाही तो जवळून पाहता येतो. मघाशी मी कपाटांना गोदाम म्हटले. या एका बरणीसाठी तो शब्द मी परत घ्यायला तयार आहे.

मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि दुखत जवळजवळ नाही. सकाळी पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात, उन्हाची बाधा. म्हणून खाटेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली खोचून लावावी, आणि शंका आली तरी मांत्रिकाच्या ओट्यावर वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठावा. या चारही सापांच्या विषावर चालणारी लस तेथे असते. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे मोठे लंबगोल ठिपके असतात. डुरक्या घोणस नावाने तिची बहीण वाटली तरी बिनविषारी असते. पेरणीच्या आधी एक संध्याकाळ जरी गावाने हे चित्रांवरून पाहिले तरी पुष्कळ आहे.

आता मघाच्या प्रश्नाकडे येतो. ही प्रथा आपल्याकडे का आली नाही? 1948 च्या सुमारास मुंबई सरकारच्या साहाय्याने सोसायटीने शाळांसाठी निसर्गशिक्षणाची योजना काढली. मुलांना संग्रहालयात आणायचे, रानात न्यायचे, पुस्तिका द्यायच्या. पण परतूर तेव्हा मुंबई राज्यात नव्हते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपल्याकडे स्वातंत्र्यच पोचले नव्हते, तेथे निसर्गशिक्षण कोठून पोचणार? 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, 1981 साली जालना जिल्हा झाला. नकाशा बदलत गेला. संग्रहालये होती तेथेच राहिली.

तरीही हैदराबादच्या त्याच काळाने आपल्याला एक देणगी दिली आहे. नोकरी गमावलेल्या सालिम अलींनी 1931-32 साली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. पगार घेतला नाही. मुक्कामाचा खर्च संस्थानाने सोसावा एवढीच अट. त्या पाहणीचा वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. म्हणजे आपण ज्या मुलखात राहतो त्या मुलखाच्या पाखरांची नव्वद वर्षांपूर्वीची वही तयार आहे. दुर्दैवाने तिच्या पुढची पाने आपण लिहिली नाहीत. तुलना करायची तर दोन टोके लागतात. एक टोक त्यांनी बांधून ठेवले आहे, दुसरे आपल्या हातात आहे.

आणि लिहायला घाई करायला हवी, कारण शिवार बदलते आहे. आपल्या ज्वारीच्या आणि कापसाच्या रानांमधून माळाचे पट्टे असतात. सात-बाऱ्यावर त्यांना 'पोटखराबा' म्हणतात. खराबा! त्या खराब्यावर चंडोल घरटे करतो, धाविक पळतो, तित्तर ओरडतो, खोकड बीळ करते, काळवीट चरते आणि तिच्या मागे लांडगा असतो. माळढोक हाही याच माळाचा पक्षी. त्याच्यासाठी 1979 साली सोलापूरकडे नान्नजला अभयारण्य केले. आता तेथे तो दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. दुसरीकडे, सेलूजवळ निम्न दुधना धरण झाले, त्याच्या फुगवट्याखाली जमिनी गेल्या, गावे उठली, आणि जेथे ज्वारी होती तेथे पाणी आले. ज्यांची जमीन गेली त्यांना पाणपक्ष्यांचे कौतुक सांगणे बरे दिसत नाही, हे मी जाणतो. पण पाणी आले की पाखरे येतात, ही गोष्ट जायकवाडीने दाखवून दिली आहे. 1986 पासून ते पक्षी-अभयारण्य आहे. कवींनी ज्याच्या विरहावर एवढी शाई खर्च केली तो चक्रवाक हिवाळ्यात हिमालयापलीकडून मराठवाड्याच्या जलाशयांवर येतो. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी आशिया खंडभर होते. 1987 पासून ती चालू आहे. तिला पदवी लागत नाही. पक्षी ओळखणारा एक, मोजणारे चार आणि लिहिणारा एक, एवढे पुरतात.

सामान्य माणसाने अशा कामाला हात लावल्याची जुनी उदाहरणे आहेत. 1959 पासून सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत हलकी कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले. कड्यावर क्रमांक आणि 'सोसायटीला कळवा' असा इंग्रजी मजकूर. ते कडे ज्याला सापडेल त्याने एक पत्र टाकायचे. त्या पत्रांवरून, कोणते पाखरू कोठून कोठे जाते, हे कळत गेले.

मुंबईचे संग्रहालयही आता थोडे बाहेर पडले आहे. 2015 साली त्याने 'म्युझियम ऑन व्हील्स' नावाची बस सुरू केली. संग्रहालयच गावोगाव न्यायचे, अशी कल्पना. अशी बस परतुरात आली तर मुलांची झुंबड उडेल यात शंका नाही. पण बस दोन दिवस राहते आणि जाते. मला विचाराल तर बसची वाट पाहत बसू नये. इमारतीवर फार भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय 5 जून 1978 रोजी उघडले. मुलांना वस्तू हाताळू देणारी खोली तेथे होती, देशात अशी जागा दुर्मिळ. 26 एप्रिल 2016 च्या रात्री त्याला आग लागली आणि एका रात्रीत ते जवळजवळ सारे जळून गेले.

मग आपण करावे काय? प्रथम, काय करू नये ते सांगतो. कोणी उत्साही मास्तर शाळेच्या कपाटात पेंढा भरलेला कोल्हा किंवा काळविटाची शिंगे मांडतील, तर ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कचाट्यात सापडतील. पूर्वी संग्रहालय बंदुकीने भरत असे. ते दिवस गेले, आणि गेले ते बरे झाले. आपल्या कपाटात ज्वारीच्या जुन्या वाणांची कणसे ठेवा, गवतांचे बी ठेवा, निरनिराळ्या मातीच्या बाटल्या ठेवा, दुधनेतले शंखशिंपले ठेवा, सापांची मोठी रंगीत चित्रे ठेवा.

आणि नावे ठेवा. दोषाची नव्हे, खरी! मुंबईच्या कपाटात लाख नमुने असतील, पण तुमच्या तोंडी असलेली नावे तेथे नाहीत. मारुती चितमपल्लींनी जंगलात आयुष्य घालवून, रानातल्या माणसांकडून शब्द वेचून पक्षिकोश केला. ते 18 जून 2025 रोजी वारले. 5 नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात येथील मुलांनी एकच करावे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसावे, आणि विचारावे, "आजी, या पाखराला तुम्ही काय म्हणता? हे कधी ओरडते? ओरडले की काय होते म्हणतात?" पावशा 'पेरते व्हा' म्हणतो, हे आजीला ठाऊक असते. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जोराचा, असेही ती सांगेल. खरे की खोटे? त्याचा वाद घालू नका, मोजा. दहा वर्षे टिटवीची अंडी कोठे होती ते लिहा आणि शेजारी पावसाचे आकडे लिहा. आजी बरोबर होती की नाही ते दहा वर्षांनी कळेल. तोवर वही मात्र परतूरची झालेली असेल.

वर्षातून एक दिवस सगळ्या गावाने मिळून मोजणी करावी, अशीही एक रीत आता जगभर आहे. 1996 साली वॉशिंग्टनच्या एका बागेत शास्त्रज्ञ आणि नागरिक चोवीस तास राबले आणि तेथे दिसेल तो प्रत्येक जीव, झाड, किडा, बुरशी त्यांनी नोंदवली. नंतर अनेक संग्रहालयांनी ती उचलली. श्रावणातला एखादा रविवार, रेल्वे स्टेशनापासून नदीपर्यंतचा पट्टा, शाळांच्या चार तुकड्या, गावातले दोन वैद्य, एक-दोन गुराखी. गुराख्याला विसरू नका. त्या दिवशी तोच गाइड लेक्चरर.

खर्चाचे विचाराल तर एक दुर्बीण, एक भिंग, दोनशे पानी वह्या आणि पेन्सिली. शाई पावसात पसरते, म्हणून पेन्सिल. प्रत्येक नोंदीला तारीख, जागा आणि पाहणाऱ्याचे नाव हवेच. ओळखू आले नाही तर 'ओळखले नाही' असे लिहून रंग, आकार आणि आवाज लिहावा.

माझा वेळ संपत आला आहे. सध्या चैत्र-वैशाखाचे दिवस; हिवाळी पाहुणे गेले, सुगरणी अजून विणायला लागल्या नाहीत. तरी टिटव्या खड्यांवर अंडी घालून बसल्या असतील, आणि वेडे राघू तारांवर आहेतच. उद्या पहाटे साडेपाचला मी याच मांडवाच्या दाराशी उभा राहणार आहे. येथून चालत दुधनेच्या बाजूला जायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे. दुर्बीण माझ्याजवळ एकच आहे, ती आळीपाळीने मिळेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी डोक्याला काहीतरी बांधून यावे, पाण्याची बाटली आणावी, आणि जमल्यास घरातल्या आजोबांना बरोबर आणावे.